मक्केचे मुतव्विफ: वृत्ती, घर आणि गोष्ट

हज यात्रेसाठी मक्केत आलेल्या परक्या मुसलमानाला काबागृहाभोवती सात प्रदक्षिणा कशा घालायच्या, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधील सात फेऱ्यांचा क्रम काय, अरफातच्या मैदानावर केव्हा पोहोचायचे आणि तेथून केव्हा निघायचे, हे शिकवणारा आणि त्याचबरोबर त्याच्या मुक्कामाची, जेवणाची, उंटांची व आजारपणाची काळजी वाहणारा जो माणूस, त्याला अरबी भाषेत ‘मुतव्विफ’ म्हणतात. प्रदक्षिणेला ‘तवाफ’ असा शब्द आहे आणि मुतव्विफ म्हणजे तो तवाफ घडवून आणणारा. हिंदुस्थानातून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या तोंडी मात्र ‘मुअल्लिम’, म्हणजे शिकवणारा, हाच शब्द रुळला आणि मुंबईत, कोकणात व मराठवाड्यात आजही तोच ऐकू येतो. मराठी वाचकाला या व्यवसायाची कल्पना येण्यासाठी नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांची आठवण पुरेशी आहे. ठरावीक गावांचे व कुळांचे यजमान ठरावीक उपाध्यायाच्या घरी उतरत, त्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत लिहिली जात आणि या ‘वृत्ती’च्या भावांमध्ये वाटण्या होत, ती गहाण पडे, प्रसंगी विकलीही जाई. मक्केतील मुतव्विफाचा हक्क बराचसा याच जातीचा होता. धर्म वेगळा, वाळवंट वेगळे, पण यात्रेकरू हाच वतन मानण्याची रीत एकच.

या व्यवसायाचा आरंभ परंपरेने इजिप्तचा ममलूक सुलतान कायतबाय याच्या हजयात्रेपासून, म्हणजे हिजरी सन 884 (इसवी सन 1480 च्या सुमारास) पासून सांगितला जातो. सुलतानाला अरबी प्रार्थना नीट म्हणता येत नव्हत्या, म्हणून मक्केचा काझी इब्राहीम इब्न झहीरा त्याच्या पुढे चालत त्या म्हणत गेला आणि तोच पहिला मुतव्विफ ठरला, अशी ही कथा आहे. कोणत्याही वंशपरंपरागत व्यवसायाला आपला मूळपुरुष राजाच्या शेजारी उभा असलेला हवा असतो, हे लक्षात घेऊन ती वाचावी. व्यवहारात या कामाची बांधीव रचना उस्मानी काळात झाली. मुतव्विफांची एक ‘ताइफा’, म्हणजे व्यवसायबंधूंची संघटना, असे. तिच्यावर शेख नेमलेला असे आणि मक्केचे अमीर असलेले शरीफ त्या शेखाला मान्यता देत. देशोदेशीच्या यात्रेकरूंची वाटणी होऊन जावा बेटांचे मुतव्विफ वेगळे, हिंदुस्थानचे वेगळे, तुर्कांचे वेगळे असे गट पडले. या हक्काच्या कागदाला ‘तक्रीर’ म्हणत. शरीफ औन अर-रफीक याच्या कारकिर्दीत (1882 ते 1905) अशा तक्रीरी रोख रकमा घेऊन दिल्या जाऊ लागल्या. ज्या प्रदेशाची तक्रीर ज्याच्या नावे, त्या प्रदेशातला यात्रेकरू दुसऱ्या कोणाकडे उतरू शकत नसे आणि दिलेली रक्कम अखेर त्याच यात्रेकरूकडून वसूल होई.

या मुख्य व्यवसायाला लागून आणखी काही व्यवसाय होते. जेद्दा बंदरात जहाजातून उतरलेल्या यात्रेकरूला ताब्यात घेऊन पुढे मक्केला पाठवणारा तो ‘वकील’ (न्यायालयाशी त्याचा संबंध नसे), झमझम विहिरीचे पाणी पाजणारा तो ‘झमझमी’ आणि मदिनेत दर्शन घडवणारा तो ‘मुझव्विर’. ही कामेही घराण्यांतूनच चालत. मुतव्विफाच्या हाताखालच्या मदतनिसाला ‘सबी’, म्हणजे पोरगा, म्हणत. बहुधा घरातला किंवा नात्यातला मुलगा लहानपणापासून यात्रेकरूंबरोबर फिरून त्यांची भाषा, त्यांच्या खाण्याच्या सवयी आणि देण्याघेण्याची ऐपत शिकून घेई, आणि म्हणून हिंदुस्थानी घराण्यांत उर्दू व जावींच्या घराण्यांत मलायी घरबसल्या येई. शाळेत न मिळणारे हे शिक्षण म्हणजेच या घराण्यांची खरी इस्टेट होती. तक्रीरीचा कागद ही तिची पावती.

हंगामात घराचे स्वरूपच पालटत असे. मक्केची जुनी घरे उंच, अनेक मजल्यांची, आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी जाळीच्या पुढे आलेल्या खिडक्यांची असत. या खिडक्यांना ‘रोशान’ म्हणतात आणि त्यांचे सागवान पुष्कळदा हिंदुस्थानातून समुद्रमार्गे येई. यात्रा जवळ आली की कुटुंब वरच्या खोल्यांत किंवा गच्चीवर सरके आणि खालचे मजले पाहुण्यांना दिले जात. आल्या दिवशीचे जेवण यजमानाकडून, हा मानाचा भाग होता. त्याचा खर्च पुढे कसा निघतो हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. पुरुष यात्रेकरूंना घेऊन अरफात व मिना येथे गेले की शहर जवळजवळ पुरुषांविना उरे, आणि त्या रात्री मक्केतील स्त्रिया पुरुषी वेश घालून, गाणी म्हणत, थट्टा करत गल्ल्यांतून फिरत. ‘कैस’ नावाची ही चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली होती. तिला केवळ एक मौजेची प्रथा समजणे अपुरे आहे, कारण घरातले सगळे कर्ते पुरुष एकाच हंगामात एकाच कामावर जात असल्याखेरीज ती निर्माणच झाली नसती.

मुतव्विफाची लिखित चित्रे प्रथम बाहेरच्यांनी काढली. 1814 साली मक्केत राहिलेला स्विस प्रवासी योहान लुडविग बुर्कहार्ट याला हे वाटाडे आळशी, लोचट आणि लोभी वाटले. एकट्या येणाऱ्या विधवा यात्रेकरू स्त्रीला पुरुष सोबती हवा म्हणून वाटाड्याने तिच्याशी यात्रेपुरता नाममात्र विवाह लावण्याची रीतही त्याने नोंदवली आहे. 1853 साली वेषांतर करून गेलेला रिचर्ड बर्टन हा मुंबई लष्करातला अधिकारी होता व मराठीची परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. त्याच्या प्रवासवर्णनात मुहम्मद अल-बस्यूनी नावाचा मक्केचा एक तरुण वाटाडा सतत वावरतो: चलाख, तोंडाळ, पैशाला चटावलेला, आणि बर्टनच्या सामानातले कोनमापक यंत्र पाहताच हा मनुष्य मुसलमान नाही असा संशय घेणारा. मक्केत बर्टन याच मुलाच्या आईच्या घरी उतरला होता. वाचताना लक्षात येते की मुलाचे चित्र तो थट्टेने रंगवतो, परंतु त्या घरात पाऊल ठेवल्यावर त्याच्या लेखणीचा सूर थोडा उतरतो, कारण तेथे वाटाड्याच्या मागे एक कुटुंब उभे राहते. 1885 साली सहा महिने मक्केत राहिलेला डच अभ्यासक स्नूक हुरग्रोन्ये याने या व्यवसायाचे सर्वांत नेमके वर्णन केले. तथापि त्याचे लक्ष डच अमलाखालील जावी यात्रेकरूंवर होते, त्यामुळे मुतव्विफ त्याच्या ग्रंथात माणूस म्हणून कमी आणि यंत्रणेचा भाग म्हणून अधिक दिसतो.

मुंबईच्या दप्तरांतले चित्र चौथ्याच प्रकारचे आहे. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या आणि मुंबई हे हिंदुस्थानातील हज यात्रेचे प्रमुख बंदर झाले. 1877 साली स्थापन झालेली बाँबे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, पुढे ‘मोगल लाइन’ म्हणून ओळखली गेलेली, याच वाहतुकीवर वाढली आणि जहाजाने हजला जाण्याची सोय थेट 1995 पर्यंत चालू राहिली. मक्केच्या मुतव्विफांचे हस्तक हंगामाबाहेर मुंबईत व आतल्या शहरांत फिरून यात्रेकरू ‘बांधून’ घेत. सरकारी कागदांत ते दलालांच्या रांगेत बसतात आणि फसवणूक, अडवणूक, परतीच्या भाड्याचे पैसे संपलेले कंगाल यात्रेकरू अशाच प्रकरणांत त्यांचा उल्लेख येतो. 1886 मध्ये हिंदुस्थान सरकारने हजच्या वाहतुकीची व्यवस्था टॉमस कुक या कंपनीकडे सोपवली, ती काही वर्षेच टिकली. कंपनीला जहाज आणि तिकीट सांभाळता आले, पण मक्केतली खोली, भाषा आणि विधी घराण्यांच्याच हाती राहिले.

मराठवाड्याचा या इतिहासाशी संबंध आणखी एका वाटेने येतो. हैदराबादच्या निझामांनी आपल्या संस्थानातील यात्रेकरूंसाठी मक्केत ‘रुबात’, म्हणजे विनामूल्य राहण्याच्या धर्मशाळा, उभ्या केल्या. संस्थान 1948 साली विलीन झाले, तरी रुबातीत राहण्याचा हक्क जुन्या संस्थानाच्या सीमेप्रमाणेच चालत राहिला. त्यामुळे तेलंगण आणि कर्नाटकातील बिदर, गुलबर्गा, रायचूर यांच्याबरोबर औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद या भागांतील यात्रेकरूंची नावेही तेथील जागांच्या सोडतीत येतात. नकाशावरून गेलेले राज्य मक्केतल्या एका इमारतीच्या यादीत असे उरले आहे.

मक्केच्या माणसांनी मुतव्विफाचे आणि त्याच्या शहराचे चित्र स्वतः काढायला घेतले ते सौदी राज्य स्थिरावल्यानंतर. अब्दुल अझीझ इब्न सौद यांच्या फौजा ऑक्टोबर 1924 मध्ये मक्केत आल्या, जेद्दा पुढच्या वर्षाच्या अखेरीस पडले आणि 1932 साली सौदी अरेबियाचे राज्य घोषित झाले. मक्केत जन्मलेले अहमद अस-सिबाई (1905 ते 1984) यांनी शहराचा इतिहास लिहिला, मकतबातल्या छडीच्या आठवणींचे आत्मचरित्र लिहिले, मुतव्विफ व हाजी यांच्याविषयी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि कथाही लिहिल्या. त्यांच्या कथासंग्रहाचे नाव ‘खालती कदरजान’ आहे, म्हणजे ‘कदरजान मावशी’. शहराचा इतिहासकार कथेकडे वळतो तेव्हा शीर्षकात शरीफ, सुलतान किंवा काबा न येता एक मावशी येते, ही निवड पुरेशी बोलकी आहे. हमझा बोगरी (1932 ते 1984) यांची ‘सकीफत अस-सफा’ ही 1983 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी तेलाच्या पैशाआधीच्या मक्केतील एका वडील नसलेल्या मुलाची, त्याच्या आईची आणि आसपासच्या वृद्ध स्त्रियांची कथा आहे. बोगरी वारशाविषयी प्रवचन करत नाहीत. कोण कोणाला काय शिकवते, कोणता वडीलधारा कोणत्या गोष्टीवर अडून बसतो आणि मुलगा त्यातले काय टाकून देतो, यातून वारसा आकाराला येतो.

कथेत विषय मांडला जातो तो पात्राच्या वागण्यातून, हे साहित्यशास्त्रातले जुनेच मत आहे. मक्केच्या बाबतीत त्याला एक ऐतिहासिक पुरावा मिळतो, कारण येथे एकाच पात्राची निरनिराळी रेखाटने समोर आहेत आणि रेखाटन बदलले की विषयही बदलतो. बुर्कहार्टच्या लोभी वाटाड्यामुळे वारसा म्हणजे मक्तेदारी ठरतो, स्नूकच्या संघटनेतल्या सभासदामुळे तो व्यवस्था ठरतो, मुंबई सरकारच्या दलालामुळे तो गुन्ह्याचे मूळ ठरतो. आणि मक्केच्या लेखकाने आई, मावशी व वडील नसलेला मुलगा उभे केले की तोच वारसा सांभाळायचा की सोडायचा असा घरातला प्रश्न होतो. यांतील कोणतेही एक चित्र खोटे नाही. तरीही पहिल्या तिन्हींमध्ये मुतव्विफाला आई नाही, हा दोष साधा म्हणता येणार नाही. अपवाद बर्टनचा, तोही ओझरता.

सौदी राज्याने मुतव्विफांचे वंशपरंपरागत हक्क एकदम मोडले नाहीत. दर ठरवले, वर्तनाचे नियम घातले, 1952 साली यात्रेकरूंवरील कर उठवला, पण घराण्यांना कायम ठेवले. 1933 च्या सुमारास जागतिक मंदीत परदेशी यात्रेकरूंची संख्या वीस हजारांच्या आसपास उतरली होती, तेव्हा अनेक घरे कर्जात बुडाली. 1938 साली तेल सापडले आणि पुढे त्याचे उत्पन्न वाढल्यावर राज्याला हजच्या उत्पन्नाची गरज उरली नाही आणि घराण्यांना मात्र उरली. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून मुतव्विफांना प्रदेशवार संस्थांत एकत्र आणले गेले. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, अरब देश, इतर आफ्रिका, इराण, आणि तुर्कस्तानसह युरोप-अमेरिका-ऑस्ट्रेलिया अशा सहा संस्था झाल्या. घराण्याचा हक्क आता भागाच्या रूपाने आला आणि वारसाहक्काच्या नियमाने तो मुलींकडेही गेल्यामुळे ‘मुतव्विफा’, म्हणजे स्त्री भागधारक, हा वर्ग डोळ्यांत भरू लागला. 2019 च्या कायद्यानंतर या संस्थांचे रूपांतर कंपन्यांत झाले. महाराष्ट्रात याच सुमारास घडलेली तुलनीय घटना अधिक कठोर होती: पंढरपूर मंदिरांविषयीच्या 1973 च्या कायद्याविरुद्धची बडव्यांची लढाई सर्वोच्च न्यायालयात जानेवारी 2014 मध्ये संपली आणि वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले. मक्केतील घराण्यांना निदान भाग मिळाले.

घरे मात्र उरली नाहीत. मशिदीच्या 1955 पासूनच्या विस्तारांत जवळचे मोहल्ले गेले, 2002 साली अजयाद किल्ला पाडला गेला आणि त्या जागी 601 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा असलेली हॉटेले उभी राहिली. 2012 साली 31 लाखांहून अधिक हाजी आले, तेव्हा त्यांना रोशानच्या खिडक्यांची घरे पुरलीही नसती. मक्केतच जन्मलेल्या रजा आलम यांच्या ‘तौक अल-हमाम’ या कादंबरीला 2011 साली आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पुरस्कार विभागून मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. या कादंबरीत निवेदन करते ती एक गल्ली. कुटुंबे पांगली, इमारती गेल्या, आणि वारसा सांगायला लेखिकेला रस्त्यालाच पात्र करावे लागले.

2022 साली पाश्चात्त्य देशांतील यात्रेकरूंनी नोंदणीसाठी वापरायचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले, त्याला ‘मोतव्विफ’ हे नाव दिले होते. पुढच्या वर्षी ते बंद होऊन त्याची जागा ‘नुसुक’ या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळाने घेतली.