प्रिया तेंडुलकर

प्रिया तेंडुलकर (१९ ऑक्टोबर १९५४ – १९ सप्टेंबर २००२) या मराठी व हिंदी अभिनेत्री, मुलाखतकार आणि मराठी लेखिका होत्या. १९८५ साली दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या 'रजनी' या हिंदी मालिकेतील शीर्षक-भूमिकेमुळे त्या देशभर परिचित झाल्या. भारतीय दूरचित्रवाणीवरील सुरुवातीच्या लोकप्रिय चेहऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

ख्यातनाम नाटककार विजय तेंडुलकर हे त्यांचे वडील. घरात साहित्य आणि रंगभूमीचे वातावरण होते. शालेय वयातच गिरीश कर्नाड यांच्या 'हयवदन' नाटकात त्यांनी बाहुलीची भूमिका केली. अभिनयात स्थिरावण्यापूर्वी पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका म्हणून त्यांनी नोकरी केली.

चित्रपट

श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' (१९७४) या चित्रपटात त्यांनी अनंत नाग यांच्या पत्नीची भूमिका केली. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मिंचिन ओट' (१९८०) या कन्नड चित्रपटातही त्या होत्या. पुढे 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'माहेरची माणसं' आदी मराठी चित्रपटांतून त्या प्रेक्षकांसमोर आल्या. उत्तरकाळात 'त्रिमूर्ती' (१९९५) व 'गुप्त' (१९९७) या हिंदी चित्रपटांत त्यांनी चरित्र-भूमिका केल्या.

'रजनी' आणि तिचा प्रभाव

बासू चॅटर्जी दिग्दर्शित या मालिकेची नायिका एक मध्यमवर्गीय गृहिणी आहे. गॅस सिलिंडर पोहोचवणाऱ्याची अरेरावी, टॅक्सीचालकांची मनमानी, कार्यालयांतील दिरंगाई अशा नित्याच्या अडचणी इतर लोक निमूटपणे सोसतात. रजनी मात्र संबंधितांना जाब विचारते. तिच्याजवळ पद नाही, पैसा नाही. आपला हक्क ठाऊक असणे एवढेच तिचे बळ. टॅक्सीचालकांवरील भागाविरुद्ध मुंबईतील टॅक्सीचालकांनी निषेध नोंदवला. ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला तो १९८६ साली. म्हणजे ग्राहकांच्या हक्कांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत असतानाच ही मालिका घरोघरी पाहिली जात होती. अन्यायाविरुद्ध उभी राहणारी स्त्री म्हणजे 'रजनी', असा शब्दप्रयोगही त्या काळी रूढ झाला. या यशाची दुसरी बाजू अशी, की प्रेक्षकांच्या मनात अभिनेत्री आणि भूमिका एकरूप झाल्या व त्यांची इतर कामे काहीशी झाकोळली गेली.

नंतरची दूरचित्रवाणी कारकीर्द

'रजनी'नंतर 'स्वयंसिद्धा' या मालिकेत त्यांनी प्रमुख भूमिका केली. १९९० च्या दशकातील 'हम पाँच' या विनोदी मालिकेत त्या अशोक सराफ यांच्या दिवंगत पत्नीच्या भूमिकेत होत्या. भिंतीवरील तसबिरीतून पतीशी संवाद साधणारी ही व्यक्तिरेखा लोकप्रिय ठरली. हालचालीला वाव नसल्याने केवळ चेहरा आणि आवाज यांवर ती उभी करावी लागे. त्याच दशकात 'द प्रिया तेंडुलकर शो' या चर्चात्मक कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांनी केले.

लेखन

मराठीत त्यांनी कथा व ललित लेखन केले. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'असंही' आणि 'पंचतारांकित' ही त्यांची काही पुस्तके होत.

वैयक्तिक जीवन व निधन

'रजनी'चे लेखक आणि त्याच मालिकेत पतीची भूमिका करणारे करण राजदान यांच्याशी १९८८ साली त्यांचा विवाह झाला. १९९५ साली ते विभक्त झाले. अखेरच्या काळात त्या कर्करोगाशी झुंजत होत्या. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईतील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूसमयी वडील विजय तेंडुलकर हयात होते. त्यांचे निधन २००८ साली झाले.