जत्रेतली छऱ्याची बंदूक आणि १८७८चा कायदा

शिरूर असो वा दौंड, गावोगावच्या जत्रेत पाळण्याशेजारी एक दुकान हमखास असते. लाकडी फळीवर फुगे टांगलेले असतात आणि पुढ्यात नळी मोडून छर्रा भरायची बंदूक. ही बंदूक पाहून कोणाला इतिहास आठवत नाही. मात्र २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक ज्या प्रकारात जिंकले, तो प्रकारही हवेच्या बंदुकीचाच होता. दारू नाही, काडतूस नाही, केवळ दाबलेली हवा आणि ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा.

भारतातील नेमबाजी दारूविरहित बंदुकीभोवती का वाढली? याचे नेहमीचे उत्तर ‘ती स्वस्त असते’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आपल्याकडे बंदुकीचा स्वस्तपणा बाजाराआधी कायद्याने ठरवला, आणि त्या कायद्याची पार्श्वभूमी न्हावऱ्याच्या आसपासच्या मुलखालाही चांगली परिचित आहे.

भीमा आणि घोड या नद्यांमधला हा कोरडवाहू पट्टा. शिरूर, म्हणजे तेव्हाचे घोडनदी, ही इंग्रजांची जुनी छावणी. १८७४च्या अखेरीस याच तालुक्यातील करडे गावात कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि दख्खनचे दंगे म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. कागद जाळणे हाच मुख्य उद्देश होता. चार वर्षांनी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी आपला पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातील धामारी गावावर. लष्करी हिशेब खात्यातील नोकरी सोडलेल्या या माणसापुढची पहिली अडचण साधी होती. माणसे आणि हत्यारे जमवायला पैसा लागतो.

या दोन घटनांच्या मध्ये १८७८ हे साल येते. व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत त्या वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि शस्त्रास्त्रांचा कायदाही झाला. दख्खनच्या दंग्यांमुळेच शस्त्रकायदा आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याची मुळे १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणात आहेत आणि १८६० सालीही असा एक कायदा झालाच होता. पण १८७८च्या कायद्याने परवाना ही गोष्ट देशभर नेहमीची केली. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे, घेऊन फिरणे, बनवणे किंवा विकणे हा गुन्हा ठरला.

या कायद्याने एका रात्रीत सगळा देश निःशस्त्र झाला, असे अनेकदा लिहिले जाते. तसे घडले नाही. संस्थानांमध्ये, डोंगरी भागांत, इनामदार-देशमुखांच्या वाड्यांत बंदुका राहिल्या. बदलले ते सामान्य माणसाचे बंदुकीशी असलेले नाते. तोड्याची बंदूक ही गुंतागुंतीची वस्तू नव्हती. लोखंडी नळी, लाकडी दस्ता, कानात रंजक, आणि चाप ओढला की जळता तोडा रंजकावर टेकवणारी खटकी. तिची मोडतोड दुरुस्त करणे कुशल लोहाराच्या आवाक्यातले काम होते. परवाना आला आणि ही कारागिरी हळूहळू उजेडातून अंधारात गेली. जे हत्यार गावात दुरुस्त होत असे, ते शहरातल्या परवानाधारक दुकानातून घ्यायची वस्तू झाले.

कायद्यातील सर्वांत बोचरी गोष्ट सवलतींची होती. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याच्या जाचातून सूट मिळाली; सामान्य हिंदी माणसाला नाही. त्याच काळात इंग्लंडमध्ये नेमबाजी हा मध्यमवर्गाचा राष्ट्रीय छंद बनत होता. १८६० साली विम्बल्डन येथे नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळाव्यात राणी व्हिक्टोरियाने स्थिर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून पहिली गोळी झाडली होती. तीच राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावर थोड्याच काळात इकडे बंदुकीवर कुलूप लागले. एका देशात नेमबाजीला नागरिकाचे कर्तव्य मानले गेले, दुसऱ्या देशात संशयाचे कारण. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल मागितला. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनी १९३० साली व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची मागणी होती. मिठाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ही सहसा पाठ्यपुस्तकात येत नाही.

दरम्यान सरकारला आणखी एक भीती होती: खासगी बंदुकीत लष्करी काडतूस बसता कामा नये. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आली आणि इंग्लंडमधील बंदूक बनवणाऱ्यांनी केवळ या बंदीला वळसा घालण्यासाठी .४६५, .४७० असे नवे बोअर काढले. वाघाच्या शिकारीची म्हणून गाजलेली ही काडतुसे खरे तर एका सरकारी आदेशाची अपत्ये आहेत. सैन्याची .३०३ नागरिकांना बंद होती, म्हणून त्यांच्यासाठी .३१५ बोअरची रायफल आली, आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी कारखान्यांतून ती बनत राहिली. बंदुकीचा आकार कारागिराने नव्हे, कारकुनाने ठरवल्याची इतकी स्वच्छ उदाहरणे जगात थोडी असतील.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशात नेमबाज होते, पण ते बहुतेक सैन्यात, पोलिसांत किंवा राजवाड्यांत. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले दादासाहेब मावळंकर. गणेश वासुदेव मावळंकर हे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी घराण्याचे, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची. गांधींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला आणि पुढे लोकसभेचा पहिला अध्यक्ष झालेला हा गृहस्थ रायफल संघटनेचा प्रमुख कसा, असा प्रश्न पडू शकतो. गांधींची १९३०ची मागणी आठवली तर तो प्रश्न उरत नाही. नागरिकाच्या हातात बंदूक असणे हा त्या पिढीसाठी हिंसेचा विषय नव्हता, विश्वासाचा होता. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी होणारी पात्रता स्पर्धा मावळंकरांच्या नावाने ओळखली जाते, आणि तीत उतरणाऱ्या अनेक मुलांना हे नाव कोणाचे ते माहीत नसते.

पुढची पायरी १९५९चा शस्त्र अधिनियम. जुना कायदा परकीय सत्तेने देश निःशस्त्र करण्यासाठी केला होता, अशी स्पष्ट कबुली या नव्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेत आहे. परवाना पद्धत मात्र कायम राहिली. तरीही कलम १३ मध्ये एक छोटी खिडकी उघडली. शेतीच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, संरक्षण वा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला सरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा हवेची रायफल, यांसाठी अन्य हरकत नसल्यास परवाना द्यावा, असे हे कलम सांगते. कोकणात रानडुकरांपासून भाताचे रक्षण करणारी ठासणीची बंदूक आणि शहरातल्या क्लबमधली .२२ रायफल एकाच पोटकलमात शेजारी बसल्या आहेत. यातील पहिली निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते. दुसरी मुळात गावापर्यंत पोहोचतच नाही.

कारण .२२ची रायफल घेणे ही एकदाची गोष्ट असली तरी तिचे काडतूस रोज लागते. पितळी आवरण, दारू, काठाला लावलेले स्फोटक आणि शिसे हे सगळे एका गोळीत संपते. वरच्या दर्जाचे नेमबाज तर काडतुसांचे वेगवेगळे घाणे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो घाणा त्या नळीला मानवतो तोच साठवतात. शिवाय ५० मीटरची जागा, मागे गोळी अडवणारा भक्कम बांध आणि परवानगी. साठ-सत्तरच्या दशकांत हा खेळ संस्थानिकांच्या घराण्यांत का फुलला, याचे उत्तर या हिशेबात आहे. बिकानेरचे करणी सिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले, ते शिकारीच्या परंपरेतून आलेले नेमबाज होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच संपली आणि त्या परंपरेचे पाणी आटले.

आता थोडे जर्मनीकडे वळावे लागेल, कारण हवेच्या रायफलीला प्रतिष्ठा तिथे मिळाली. १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मनांच्या बंदुका काढून घेतल्या आणि त्यांचे नेमबाजी संघ बंद केले. निर्बंध सैल झाले तेव्हा आधी परवानगी मिळाली ती हवेच्या बंदुकीला. जर्मन नेमबाजी महासंघ पुन्हा उभा राहिला ते साल होते १९५१, म्हणजे मावळंकरांच्या संघटनेचेच. ओबर्नडॉर्फ या गावातील माउझर कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या अभियंत्यांनी फाइनवेर्कबाऊ नावाची कंपनी काढली आणि साठच्या दशकात धक्का न जाणवणारी हवेची रायफल बनवली. छर्रा सुटताना तिची यंत्रणा दस्त्यावर मागे सरकते आणि खांद्याला हादरा बसत नाही. निःशस्त्र केलेल्या समाजाने मुलांच्या खेळण्यातून जगातील सर्वांत काटेकोर क्रीडासाधन घडवले. १९६६ पासून दहा मीटर हवेची रायफल जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आली, १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये.

भारतासाठी हे आयतेच घडले. हवेच्या रायफलीचे अंतर दहा मीटर. शाळेच्या सभागृहात मावणारे. लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे कौशल्याला कुठेही सूट नाही. छर्रा शिशाचा, कमरेत बारीक, काडतुसाच्या मानाने फारच कमी खर्चाचा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवानाही लागत नाही. स्पर्धेतील रायफलची ऊर्जा तर याच्या निम्म्याहून कमी असते.

महाराष्ट्रात या खेळाचे खरे दार राष्ट्रीय छात्रसेनेने उघडले. १९४८ साली सुरू झालेल्या या संघटनेत छात्राला .२२ रायफल झाडायला मिळते, तीही सरकारी खर्चाने. परवाना, बंदूक आणि काडतूस या तिन्ही अडचणी एकाच वेळी दूर होण्याची ही जवळपास एकमेव जागा होती. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील अशाच एका छात्रेने, अंजली वेदपाठक-भागवत यांनी, वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव केला, २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर हवेच्या रायफलीची अंतिम फेरी गाठली आणि २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली. त्यांच्यानंतर मराठी घरांत मुलीच्या हातात रायफल ही कल्पना विचित्र राहिली नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ५९७ गुणांसह जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले.

बंदूक बनवण्याची बाजू मात्र मागेच राहिली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्याच्या उंबरठ्यावर आहे, बारा बोअरची काडतुसे तिथून नागरिकांपर्यंत पोहोचली, पण जागतिक स्पर्धेत नेमबाजाने भरवसा ठेवावा अशी काडतुसे आणि रायफली परदेशातूनच येत राहिल्या. १९८०च्या दशकात सामान्य नागरिकासाठी बंदुकांची आयात बंद झाली. त्यानंतर जुन्या चेक ब्रनो रायफली वारशासारख्या जपल्या आणि चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. आयातीची सवलत उरली ती नामांकित नेमबाजांना. म्हणजे चांगली बंदूक मिळण्यासाठी आधी नामांकित व्हायचे आणि नामांकित होण्यासाठी चांगली बंदूक हवी. या कोंडीतून क्लबची सामायिक बंदूक, शासकीय प्रबोधिनी आणि अलीकडे हवेच्या बंदुका बनवणारे देशी उद्योग यांनी वाट काढली. लांब नळीत अचूक छिद्र पाडणे ही बंदूक बनवण्यातली सर्वांत कठीण गोष्ट. ती करणारी यंत्रे बनवणाऱ्या ठाणे जिल्ह्यातील प्रेसिहोल या उद्योगसमूहाने हवेच्या रायफलीही काढल्या, हा योगायोग नव्हे.

हवेच्या रायफलीपाशी हा प्रश्न सुटतो, .२२पाशी सुटत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिक्षकाचा हा मुलगा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून प्रत्येकी वीस, अशी या प्रकाराची पात्रता फेरीच साठ काडतुसांची असते. नेम जुळवण्यासाठी आधी झाडलेली काडतुसे आणि वर्षानुवर्षांचा सराव वेगळा. पदकाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी जी गोष्ट ठळकपणे छापली ती रायफलीच्या किमतीची नव्हती. मुलाच्या काडतुसांसाठी वडिलांनी बँकेचे कर्ज काढले होते.