लेंट

फाल्गुनात शिरोळकडची ऊसतोड उरकत येते, दिवस मोठा होऊ लागतो. मराठी चर्चमधला ‘लेंट’, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, नेमका याच ऋतूचा. जुन्या इंग्रजीत ‘लेंक्टेन’ म्हणजे वसंत, बहुधा ‘लांब’ या अर्थाच्या धातूवरून. नावात उपवासाचा मागमूसही नाही! गोव्यातला ‘करेज्म’ मात्र लॅटिनमधल्या ‘चाळिसाव्या’वरून, पोर्तुगीजमार्गे आलेला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजाल तर भरतात ४६; रविवार धरत नाहीत ना, म्हणून चाळीस.

जर्मन रोखठोक: ‘फास्टेनत्साइट’, उपवासकाळ. आणि त्याच भाषेत धर्मसुधारक ल्यूथरने मार्च १५२२ मध्ये, लेंटच्या पहिल्या रविवारपासून विटेनबर्गला आठ प्रवचने दिली. खाण्यापिण्याची सक्ती नको, पण दुबळ्या श्रद्धेच्या माणसाला दुखवूही नका, हे त्यांत आले. जर्मन ल्यूथरनांच्या तोंडी म्हणूनच बहुधा ‘पासिओन्सत्साइट’, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा काळ, अधिक रुळला.