कोरा पत्ता आणि शून्याची चिठ्ठी

समजा, काशीगावातल्या एखाद्या शाळेत आपण तीन पाकिटे तयार केली. पहिल्यावर एका घराचा पत्ता आहे आणि त्या घरातल्या डब्यात ७ लिहिलेली चिठ्ठी आहे. दुसऱ्यावरही पत्ता आहे, पण तिथल्या डब्यातल्या चिठ्ठीवर ० आहे. तिसरे पाकीट कोरेच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकिटात फरक काय? मुले लगेच सांगतील, की एका ठिकाणी शून्य आहे, तर दुसरीकडे जायला घरच नाही. संगणकाच्या दोन भाषांना मात्र हा फरक एकमेकींना नीट सांगता यायला तीसेक वर्षे लागली.

फोर्ट्रान ही भाषा आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली आणली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि आपल्याकडचे अनेक शास्त्रज्ञ फोर्ट्रानमध्ये गणिते करू लागले. ही भाषा उपआज्ञावलीला सहसा आकडा देत नाही, आकडा ठेवलेल्या जागेचा पत्ता देते. पत्ता खरा आहे, हे ती गृहीतच धरते.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. तिच्यात 'कुठलाच पत्ता नाही' असे सांगण्याची सोय आहे. तिला नल पॉइंटर म्हणतात. ही कल्पना टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी मांडली होती. २००९ साली त्यांनीच तिला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला. त्यावर दोन्ही भाषा चालत. जुनी, पारखलेली गणिते फोर्ट्रानमध्ये आणि फायली, पडदा, जाळे यांची कामे सीमध्ये, अशी वाटणी जगभर रूढ झाली. हवामानाच्या आज्ञावल्यांत ती आजही दिसते.

अडचण या सांध्यावर येते. सीने नल पाठवला, तर फोर्ट्रान कोरे पाकीट घेऊन घर शोधायला निघते आणि आज्ञावली बंद पडते. निदान चूक कळते तरी! उलट प्रकार अधिक घातक आहे. फोर्ट्रान लिहिणारा 'काही नाही' या अर्थाने ० पाठवतो. फोर्ट्रान मात्र ० ठेवलेल्या जागेचा पत्ता देते. सी तपासते, 'नल आहे का?' उत्तर येते, 'नाही.' मग सी त्या जागी खुशाल लिहू लागते. शेजारचे आकडे बिघडतात, आणि उत्तर चुकल्याचे कोणाला कळतही नाही.

पूर्वी यावर प्रत्येक कंपनीच्या अनुवादकाची वेगळी युक्ती असे. एका यंत्रावर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडे. फोर्ट्रान २००३ या प्रमाणकाने सीचे पत्ते ठेवण्यासाठी खास प्रकार, 'सी_नल_पीटीआर' हा कोरा पत्ता आणि पत्ता कोरा आहे का हे विचारणारे 'सी_असोसिएटेड' हे फल दिले. फोर्ट्रान २०१८ ने आणखी एक पाऊल टाकले. ऐच्छिक माहिती दिलीच नाही, तर सीकडे नल पोचतो, आणि सीकडून नल आला, तर 'ती माहिती दिलेली नाही' असे फोर्ट्रान समजते.

शिक्षकांना हे नवे नाही. गुणपत्रिकेत शून्य आणि 'गैरहजर' यांसाठी आपण वेगळ्या खुणा करतो. गैरहजर मुलांपुढे शून्य मांडून वर्गाची सरासरी काढून पाहा, आणि ती का बिघडली, हे मुलांनाच शोधू द्या.