आठळीच्या फळबागांतील खोडकिडा : भुसा दिसल्यावर फवारणी व्यर्थ

हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि काश्मीरमधील पीच, आलुबुखार, जर्दाळू व चेरी या आठळीच्या फळझाडांचे सर्वांत मोठे नुकसान अनेकदा फळांवर नव्हे, तर सालीच्या आत होते. पाने पिवळी पडून फांद्या वाळू लागतात, तोवर अळीने खोड बरेच पोखरलेले असते.

या भागांत प्रामुख्याने दोन प्रकारच्या अळ्या आढळतात. ‘स्फेनोप्टेरा’ प्रजातीतील चपट्या डोक्याची अळी सालीखाली वेड्यावाकड्या पसरट नागमोडी वाटा कोरते. तिचा भुसा आतच ठासलेला राहतो. बाहेर केवळ डिंक ओघळतो. लांब मिशांच्या ‘एओलेस्थेस’ भुंगेऱ्याची अळी मात्र लाकडात खोल शिरते आणि छिद्रातून भुसा बाहेर लोटते. तिची वाढ पूर्ण होण्यास एकाहून अधिक वर्षे लागतात. कोकणातील आंबा बागायतदारांना परिचित असलेला भिरूड याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या गोतावळ्यातला. डिंक जखमेमुळे किंवा रोगामुळेही येतो. म्हणून सैल साल चाकूने उचलून खाली पोखरलेली वाट आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

अळी आत गेल्यावर खोडावरील फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फवारणीचा उपयोग भुंगेरे बाहेर पडून सालीच्या भेगांत अंडी घालतात, त्या मोजक्या दिवसांतच होतो. तीही संबंधित पिकासाठी नोंदणीकृत औषधाची आणि फुलोऱ्याचा काळ टाळून, कारण परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून असते. एरवी लवचीक तार छिद्रात घालून अळी मारणे व तोंड चिखलाने लिंपणे, हाच जुना उपाय कामी येतो. कापसाच्या बोळ्यावर डायक्लोरव्हॉस घालून तो छिद्रात कोंबण्याची शिफारस जुन्या पुस्तिकांत आढळते. मात्र केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून या कीटकनाशकावर देशात बंदी आहे. घरात उरलेली बाटलीही त्यामुळे वापरता येत नाही.

अशक्त झाड किडीला लवकर बळी पडते. पाण्याचा ताण, उन्हाने भाजलेली साल आणि छाटणीच्या उघड्या जखमा किडीच्या पथ्यावर पडतात. खोडाला चुना लावल्यास साल भाजत नाही. बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखी बारीक छिद्रे पाडणारे साल-भुंगेरे तर बहुधा आधीच खचलेल्या झाडाकडे वळतात; तेथे औषधापेक्षा सिंचन आणि खत यांकडे पाहणे अधिक शहाणपणाचे.

पूर्ण पोखरलेले झाड काढून टाकण्यावाचून पर्याय नसतो. परंतु तोडलेल्या लाकडातही अळी जिवंत राहू शकते. सरपणासाठी बांधावर रचलेल्या ढिगातून पुढील हंगामात भुंगेरे बाहेर पडतात आणि शेजारची झाडे गाठतात. असे लाकूड त्यापूर्वीच जाळावे लागते.