सुकवणी आणि तापीचं पाणी

लग्न होऊन मी सुरतेला आले त्या पहिल्याच चैत्रात शेजारच्या बांनी मला गच्चीवर बोलावलं. जुन्या धोतरावर मीठ-हळद लावलेल्या गवारीच्या शेंगा पसरल्या होत्या, पलीकडे कैरीच्या फोडी. ऊन असं की चटईवरसुद्धा पाय ठेवता येत नव्हता. ‘तुमच्याकडे सुकवणी करत नाहीत?’ बांनी विचारलं. मी म्हटलं, गवार वाळवतो, सांडगे घालतो, पण भाजी आमच्या मळ्यातूनच येते. बा थांबल्या. ‘तमारे घेर खेती?’ जैनाच्या घरी शेती, हे त्यांना काही केल्या पटेना.

मिरजेच्या पूर्वेला माझं माहेर. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर जैनांत नांगर धरणारी घरंच जास्त, हे तुम्हा वाचणाऱ्यांना सांगायला नको. आदिनाथांनी लोकांना असि, मसि, कृषी शिकवली असं आपणच मुलांना सांगतो. पण श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत फोडीकर्मही आहे, म्हणजे जमीन फोडण्याचा, खणण्याचा धंदा. सुरतेच्या व्यापारी जैनांनी ही दुसरी गोष्ट धरली, आमच्या आजोबा-पणजोबांनी पहिली. दोन्ही आपल्याच ग्रंथांतल्या. तेव्हा कोण बरोबर हा वाद मी बांशी घातला नाही. मला प्रश्न पडला तो वेगळा. ज्या शहराने माती फोडायची नाही असं ठरवलं, त्या शहराला इतकी वर्षं भाजी कुणी खाऊ घातली?

इतिहासाच्या पुस्तकांत याचं उत्तर शोधायला गेलं की व्यापारीच भेटतात. सतराव्या शतकात इथे वीरजी व्होरा होता. आपल्याच समाजाचा, आणि इतका मोठा की इंग्रज वखारवाले त्याच्याकडून कर्ज काढत. ओविंग्टन नावाचा इंग्रज पाद्री 1689 मध्ये इथे आला. म्हाताऱ्या, जखमी जनावरांसाठी चालवलेलं इस्पितळ, किडामुंगीचीसुद्धा काळजी घेणारे लोक, हे सगळं त्याने नवल करून लिहून ठेवलं. आपल्या दयेची नोंद अशी परक्याने घेतली याचा मला अभिमान वाटतो. पण त्याच वेळी कतारगामच्या वाडीतून डोक्यावर पाटी घेऊन वेशीत येणारी बाई मात्र कुणाच्या वहीत फारशी येत नाही. (बटाट्याची नोंद आहे! फ्रायर नावाचा डॉक्टर 1670 च्या दशकात सुरतेच्या बागांतला बटाटा लिहून गेला, असं शेतीच्या इतिहासात वारंवार सांगतात. ते रताळं असावं असंही काही जण म्हणतात. आपल्याला दोन्ही वर्ज्यच.)

उन्हाळ्यात भाजी यायची ती तापीच्या जिवावर. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला इथे भाठा म्हणतात. पावसाळ्यात पूर येणार, गाळ टाकून जाणार, पाणी ओसरलं की त्यात लावणी. पात्र आटत गेलं की वाळूतच खड्डे करून काकडी, दुधी, कलिंगडाचे वेल. वर खानदेशात याच तापीच्या वाळूत डांगरवाड्या असत. पायाखाली हातभर खणलं की ओल लागे. बाकी सगळीकडे जमीन भेगाळलेली असताना नदीच्या पोटात हिरवं. हा मळा चार महिन्यांचा, पहिल्या पुराबरोबर वाहून जायचा. लावणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक असे.

पण पाऊसच आला नाही तर? 1630 साली असं झालं. गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे पाऊस हरवला. पीटर मंडी हा कंपनीचा नोकर त्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला. वाटेवर त्याने पाहिलं ते वाचवत नाही. रस्त्यात प्रेतं, विकायला काढलेली मुलं. आपल्याकडे तुकोबांच्या घरची माणसं गेली तो हाच दुष्काळ. लोक पुढच्या आषाढाकडे डोळे लावून बसले. 1631 साली पाऊस आला, पण असा कोसळला की उरलंसुरलं पीक कुजलं, मागून रोगराई आली. सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुखही त्याच वर्षी गेला. मोठमोठ्या वखारींची ही गत, तिथे वाळूतल्या वेलीवर जगणाऱ्यांचं काय झालं असेल! पुढे विक्रम संवत 1956 चा छप्पनिया आला, म्हणजे इंग्रजी 1899-1900. बांच्या सासूबाई त्याचं नाव कानाला हात लावून घेत.

हे वाचल्यावर मला सुकवणी वेगळी दिसायला लागली. बांच्या घरी फाल्गुनी चौमासीपासून पालेभाजी बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद, आर्द्रा नक्षत्र लागलं की आंबा बंद. यामागे अहिंसेचा विचार आहे: पानांवर, ओलीत, सूक्ष्म जीव फार. तो मी कमी लेखत नाही. पण घर चालवणाऱ्या बाईच्या जागी उभं राहून बघा. कडक उन्हात पालेभाजी अशीही मिळत नव्हती. पावसाच्या तोंडी नदीतला मळा वाहून जायचा आणि नवे वेल अजून दोन-दोन पानांवर. त्या उघड्या दिवसांत घरात काय असायचं? मूग, चणे, आणि डब्यातली वाळवलेली गवार. तीही ओल धरायच्या आत संपवायची. व्रताचं पंचांग आणि नदीचं पंचांग इतकं शेजारी-शेजारी चालत होतं की सोडणं कुठे संपतं आणि नसणं कुठे सुरू होतं हे सांगता येऊ नये.

नसणं मी पाहिलंय. 1972 ला मी नऊ वर्षांची होते. आमच्या विहिरीला तळ दिसला. वडील खडी फोडायच्या कामावर जात, घरी मिलोची लाल भाकरी. आई पाणी गाळूनच घ्यायची, त्यात कधी खंड नाही. गाळल्यावर गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातून आली त्यातच परत सोडायची असते. पाणी आता दोन फर्लांगांवरच्या विहिरीतून येत होतं. आई घागर घरी ठेवून जिवाणीचा तांब्या घेऊन पुन्हा तिथे जायची, तो दोराने अलगद आत सोडायची. मळ्यात एकच दुधीचा वेल तिने जगवला होता, भांडी विसळलेल्या पाण्यावर. एकदा मी हट्ट केला, तो तांब्या वेलाला ओत ना, एवढं लांब कशाला? तिने मला मारलं नाही, पण दिवसभर बोलली नाही. वेल जूनच्या आधीच वाळला.

त्याच 1972 साली इकडे उकाईचं धरण पुरं झालं. याआधी पन्नासच्या दशकात खाली काकरापारचा बंधारा झालाच होता. आता कालव्यांना बारमाही पाणी आलं, सुरत जिल्हा उसाने, केळीने भरला, बाजारात वर्षभर भाजी दिसायला लागली. धरणाखाली शंभरावर गावं बुडाली, बहुतेक आदिवासींची. त्यांच्या परसातले वेल कुणी मोजले नसणार. आणि आमच्या महाराष्ट्रातून, विशेषतः खानदेशातून, लोक रेल्वेने उधन्याला उतरू लागले. लिंबायत, पांडेसराकडे गेलात तर आजही अहिराणी कानावर पडते. शेत सोडून यंत्रमागावर आलेली ही माणसं. त्यांच्या बायका चाळीच्या दारात पत्र्याच्या डब्यात गिलक्याचा वेल चढवतात, मी पाहिलाय.

कतारगामची पापडी उंधियुंसाठी अजून नावाजलेली, पण कतारगामात आता हिऱ्यांचे कारखाने. धरण झाल्यावर दरवर्षीचा पूर थांबला, गाळही थांबला. पाणी मात्र 2006 च्या ऑगस्टमध्ये आलं: सुमारे नऊ लाख क्युसेक सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. आम्ही वरच्या मजल्यावर. दूध नाही, भाजी नाही, नळ नाही. चौमासा चालू होता. बांनी शांतपणे मूग भिजवले. त्या आठवड्यात गोपीपुऱ्यातल्या कितीतरी घरांना नियम पाळावाच लागला नाही, तो आपोआप पाळला गेला.

आता मी गच्चीवर कुंड्यांत भाजी लावते. फोडीकर्म म्हणा हवं तर, एका खुरप्यापुरतं. मे महिन्यात भर दुपारी गोणपाटाचा आडोसा, पाणी फक्त पहाटे आणि तेही भांड्यांचं. तोंडली तग धरते, भेंडी रुसते. गेल्या वर्षी जून कोरडा गेला तेव्हा अर्धे वेल मी मरू दिले. नळाचं पाणी होतं, तरी हात उचलला नाही. मग एका रात्री पाऊस आला, कौलं वाजली, आणि सकाळी मी पापडीचं बी टोचलं.

बा आता नव्वदीच्या पुढे आहेत. मातीला हात लावत नाहीत. काठी टेकत जिन्याच्या तोंडाशी येतात, डोळे बारीक करून बघतात आणि मला सांगतात, त्या कोपऱ्यातल्या कुंडीत तीन आलेत, चौथं अजून वाकलेलं आहे.