वर्गाबाहेर बसलेला विद्यार्थी

‘मुले आपणहून शिकत नाहीत,’ ही तक्रार महाड-पोलादपूरच्या शिक्षकांकडून ऐकली की आम्हाला रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३-१९७२) आठवतात. लहानपणीच त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली. पण अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. तेव्हा या मुलाने स्वतः पत्र लिहून दाद मागितली. प्रवेश मिळाला, पण बसायचे वर्गाबाहेर! तरीही तो शिकला.

१९-२० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या परिषदेच्या संयोजकांत मोरे होते.

शिकण्याची ओढ मुलांत असतेच. प्रश्न एवढाच, की असे पत्र आज आपल्या टेबलावर आले, तर आपण त्याला उद्धटपणा म्हणू की शिक्षण?